छपराचे वय आणि घराचा विमा

अमेरिकेत घराचा विमा उतरवताना कंपनी सुरुवातीलाच जे प्रश्न विचारते, त्यांत छप्पर कोणत्या साली घातले हा प्रश्न असतोच. उत्तर पंधरा-वीस वर्षांच्या पलीकडे गेले की हप्ता वाढतो, भरपाईतून घसारा कापला जातो, पाहणीचा अहवाल मागितला जातो, किंवा विमा देण्यासच नकार मिळतो. फ्लोरिडा, टेक्सस, कोलोरॅडो, ओक्लाहोमा या वादळाच्या आणि गारपिटीच्या राज्यांत हा जाच सर्वांत अधिक आहे. ही रीत मात्र फार जुनी नाही. आगीचा विमा सुरू होऊन सुमारे साडेतीनशे वर्षे झाली, आणि त्यांतली बहुतेक वर्षे विमेवाल्यांना काळजी होती ती छप्पर कशाचे आहे याची. ते किती वर्षांचे आहे, या प्रश्नाला आजचे वजन आले गेल्या तीस-चाळीस वर्षांत. त्याआधी तीन गोष्टी घडाव्या लागल्या: छपराचे साहित्य बदलले, विमापत्रातली भरपाईची अट बदलली, आणि घराचा मोठा शत्रू म्हणून आगीच्या जोडीला वारा आणि गारा येऊन बसल्या.

गवती छपराची धास्ती विम्याहून कितीतरी जुनी आहे. लंडनमध्ये १२१२ साली मोठी आग लागली, त्यानंतर नव्या घरांवर बोरू, लव्हाळे किंवा पेंढा घालायला नगराने बंदी केली. कौल, लाकडी फळी किंवा शिसे वापरायला सांगितले. १६६६ च्या सप्टेंबरातल्या आगीत १३,२०० घरे गेली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात असे ठरले. निकोलस बार्बन हा शिकलेला वैद्य, पण त्याचा खरा धंदा घरबांधणीचा. त्याने १६८० च्या सुमारास लंडनमध्ये आगीच्या विम्याचे कार्यालय उघडले. त्याचा दर घराच्या वार्षिक भाड्यावर बसवलेला होता: विटांच्या घराला अडीच टक्के, लाकडी घराला पाच टक्के. जोखमीप्रमाणे हप्ता आकारण्याची ही सुरुवातीची प्रतवारी संपूर्णपणे साहित्यावर उभी होती. घर काल बांधलेले की पन्नास वर्षांपूर्वीचे, याला त्या दरात जागा नव्हती.

इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या लोकांनी गवती छपरे आणि लाकडी धुराडी सोबत नेली. बॉस्टनमध्ये १६३१ च्या आगीनंतर दोन्हींवर बंदी आली. गवताची जागा लाकडी शिंगलने घेतली. सीडर किंवा पाइनच्या ओंडक्यातून चिरून काढलेल्या या पातळ, लहान फळ्या खालून वर एकीवर एक चढवत ठोकायच्या, की पाणी खाली निथळते. जंगल दाराशी होते, चिरायला कारखाना लागत नव्हता, आणि वजन इतके कमी की खालचे वासेही हलके चालत. अमेरिकेतल्या लाखो घरांवर पुढची दोन-अडीचशे वर्षे हेच छप्पर राहिले. ते गवतापेक्षा बरे असले तरी जळाऊच होते.

वसाहतींमधला पहिला आगीचा विमा साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये १७३५ साली निघाला. 'फ्रेंडली सोसायटी' नावाची ती संस्था १७४० च्या आगीने बुडवली. एकाच गावातली घरे एकाच रात्री जळाली तर परस्परांच्या वर्गणीतून भरपाई होऊ शकत नाही, हा धडा तिथेच मिळाला. टिकली ती १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेली 'फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्यूशनशिप'. ही संस्था आजही चालू आहे. तिची कामाची पद्धत निरखून पाहण्यासारखी आहे. विमा देण्याआधी संस्थेचा सर्व्हेअर घरी जाई. भिंतींची जाडी, मजले, जिने, खोल्यांमधले लाकडी काम, आतला-बाहेरचा रंग अशी एकेक बाब तो वहीत उतरवी. यातल्या बऱ्याच नोंदींमध्ये छपराच्या शिंगलची अवस्थाही आहे: नवी, अर्धी झिजलेली, जुनी. म्हणजे छपराचे वय विमेवाल्यांच्या कागदात अठराव्या शतकातच आले होते. पण ते सालाच्या आकड्यात नव्हते; सर्व्हेअरने डोळ्यांनी पाहिलेल्या झिजेच्या रूपात होते. झिजलेली शिंगल कोरडी पडते, तिच्या कडा वळतात, आणि उडत आलेली ठिणगी त्या फटीत अडकून बसते. त्यामुळे आगीच्या विम्यात या नोंदीला अर्थ होता. एकाच साली घातलेली दोन छपरे, एक दक्षिणेच्या उन्हात भाजलेले आणि दुसरे सावलीत राहिलेले, सर्व्हेअरच्या वहीत वेगळी उतरत. वर्षांचा आकडा आणि प्रत्यक्ष झीज यांतला हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

या संस्थेने १७८१ साली घरासमोर झाड असेल तर विमा न देण्याचा ठराव केला, कारण झाडांमुळे आग विझवायला अडचण होते असे तिचे मत होते. झाडे लावणाऱ्यांनी १७८४ साली स्वतःची वेगळी संस्था काढली आणि हिरवे झाड हेच तिचे चिन्ह झाले. एका कंपनीने नाकारलेली जोखीम दुसरी अधिक हप्ता घेऊन उचलते, ही आजच्याही बाजारातली रीत तेव्हापासूनची आहे.

एकोणिसाव्या शतकात शहरे इतकी वाढली की प्रत्येक घरी माणूस पाठवणे कंपन्यांना परवडेना. कंपन्यांची मुख्यालये न्यूयॉर्कला किंवा हार्टफर्डला, आणि घरे हजार-दोन हजार मैलांवर. ही अडचण डी. ए. सॅनबॉर्न या भूमापकाने सोडवली. त्याने १८६७ साली काढलेल्या कंपनीने अमेरिकेतल्या हजारो गावांचे विम्यासाठीचे नकाशे तयार केले. विटांची इमारत गुलाबी, लाकडी इमारत पिवळी, दगडी निळी, आणि छप्पर कशाचे ते दाखवायला छोट्या खुणा. लाकडी शिंगलला फुली. विमापत्र लिहिणारा कारकून टेबलावर नकाशा पसरून विम्याचे घर आणि शेजारचे घर पाहू शकत होता. इथे एक गोष्ट हरवली. नकाशावर साहित्य दाखवता येते, झीज दाखवता येत नाही. फिलाडेल्फियाच्या वहीतली 'अर्धी झिजलेली' ही नोंद नकाशात उतरली नाही, आणि दूर बसून जोखीम मोजण्याची सवय धंद्याला लागली ती कायमची.

त्या काळात त्याचे कुणाला दुःखही झाले नसावे, कारण साहित्याचाच प्रश्न भीषण होता. शिकागोत १८७१ च्या ऑक्टोबरात लागलेल्या आगीत सतरा हजारांहून अधिक इमारती गेल्या, सुमारे एक लाख माणसे उघड्यावर पडली आणि नुकसान जवळपास २० कोटी डॉलरचे झाले. अनेक विमा कंपन्या त्यात संपल्या. शिंगलची खोड ही की ती नुसती जळत नाही, जळता जळता उडते. वाऱ्याबरोबर गेलेले तिचे निखारे दूरच्या, अजून सुरक्षित असलेल्या छपरावर पडतात, आणि आग गल्ल्या ओलांडत पुढे जाते. विमा कंपन्यांची १८६६ साली स्थापन झालेली संघटना, नॅशनल बोर्ड ऑफ फायर अंडररायटर्स, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लाकडी शिंगलविरुद्ध नेटाने उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १७ सप्टेंबर १९२३ रोजी टेकड्यांवरून आलेल्या आगीने काही तासांत जवळपास ६०० इमारती खाल्ल्या, त्यांतल्या बऱ्याच शिंगलच्या छपरांच्या. गावाने त्यानंतर अशा छपरांना बंदी केली आणि थोड्याच काळात ती मागेही घेतली. त्याच डोंगररांगेत १९९१ साली ओकलंडच्या आगीत २५ माणसे मेली आणि तीन हजारांच्या आसपास घरे गेली. लोभ आणि विसर यांची किंमत इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे विम्याच्या इतिहासात थोडी आहेत.

साहित्यावरून प्रत लावण्याची हीच परंपरा भारतातल्या अग्निविम्यातही आली. २००७ मध्ये दर मोकळे होईपर्यंत लागू असलेल्या अखिल भारतीय अग्निविमा दरपत्रकात ज्या इमारतीच्या भिंती किंवा छप्पर गवताचे, पानांचे, बांबूचे, लाकडी फळ्यांचे, कॅनव्हासचे किंवा ताडपत्रीचे असेल तिला 'कच्चे बांधकाम' मानून जादा दर लावत. गवताने शाकारलेले कोकणातले घर त्यात बसे. मंगलोरी कौलांचे पक्के घर, मग ते आजोबांनी बांधलेले का असेना, बसत नसे.

लाकडाला खरा पर्याय डांबराने दिला. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी हेन्री रेनॉल्ड्स या छपरे घालणाऱ्या कंत्राटदाराने १९०३ साली डांबर पाजलेल्या, वरून दगडी कणांचा थर दिलेल्या फेल्टच्या गुंडाळ्या कापून शिंगल बनवल्या. लाकडापेक्षा स्वस्त, सरसकट सारख्या आकाराच्या, आणि ठिणगीला दाद न देणाऱ्या या शिंगलच्या मागे विमा कंपन्यांची आगीविरुद्धची मोहीम उभी राहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डांबरी शिंगलने देश व्यापला. पुढे फेल्टच्या जागी काचतंतूंची चटई आली, आग न पकडण्याची तिची क्षमता आणखी वाढली. अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांवर आज डांबरी शिंगलच आहे.

या छपराने आगीचा प्रश्न बराचसा मिटवला आणि वयाचा प्रश्न जन्माला घातला. डांबर उन्हाने म्हातारे होते. अतिनील किरणे आणि हवेतला प्राणवायू त्यातली तेले हळूहळू संपवतात, ते कडक आणि ठिसूळ होते, त्याला धरून असलेले दगडी कण गळून पन्हाळीत साठू लागतात, कण गेले की उघडे पडलेले डांबर आणखी वेगाने भाजते. प्रत्येक शिंगलच्या खालच्या कडेला एक चिकटपट्टी असते. उन्हाने ती वितळून खालच्या शिंगलला धरते आणि वाऱ्यात कड उचलू देत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभियंत्यांनी प्रत्यक्ष घरांवर चढून तपासले तेव्हा वर्षे जातील तशी ही पट्टी अधिकाधिक ठिकाणी सुटत गेल्याचे आढळले, आणि खालून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. साध्या डांबरी शिंगलचे आयुष्य पंधरा ते वीस वर्षे, जाड प्रतीच्या शिंगलचे पंचवीस-तीस, असा साधारण हिशेब धरला जातो. भाजक्या कौलांचे छप्पर पन्नास वर्षांच्या पुढे सहज जाते आणि चांगल्या स्लेटचे शंभरीही गाठते.

डांबरी छप्पर एकदम घातले जाते, एकदम म्हातारे होते आणि एकदम उतरवले जाते. म्हणूनच त्याचे वय एका आकड्यात सांगता येते. कोकणातल्या कौलारू घराला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे दर वर्षी पावसाआधी माणूस वर चढतो, फुटकी कौले काढून नवी बसवतो, सरकलेली सारखी करतो, कुजलेली रीप बदलतो. पन्नास वर्षांच्या छपरात पन्नास वेगवेगळ्या वर्षांची कौले असतात. 'छप्पर किती वर्षांचे' हा प्रश्न विचारता यावा असे छप्पर आधी सर्वत्र पसरावे लागले, मगच विमा कंपन्या तो विचारू लागल्या.

दुसरा बदल विमापत्राच्या मजकुरात झाला. न्यूयॉर्क राज्याने १८८६ साली आगीच्या विम्याचा एक प्रमाण मसुदा ठरवला. १९१८ आणि १९४३ साली तो सुधारला गेला, आणि १९४३ चा १६५ ओळींचा मसुदा बहुतेक राज्यांनी उचलला. या सर्वांत भरपाई मिळे ती वस्तूच्या त्या वेळच्या किमतीइतकी, म्हणजे नव्या किमतीतून घसारा वजा जाता उरेल तेवढी. घसारा कसा मोजायचा यावर न्यायालयांत बराच खल झाला. त्यातला न्यूयॉर्कचा १९२८ सालचा मॅकअनार्नी खटला प्रसिद्ध आहे. जळालेली इमारत दारूच्या भट्टीची होती, आणि दारूबंदीमुळे भट्टी म्हणून तिचा उपयोग संपलेला होता. मालक बांधकामाच्या खर्चावरून हिशेब मागत होता, कंपनी बाजारभावावरून. न्यायालयाने कोणतेही एक सूत्र न स्वीकारता खर्च, वय, झीज, उपयोग, बाजारभाव असा सगळा पुरावा विचारात घ्यावा असा निर्णय दिला. अनेक राज्ये आजही तोच दंडक मानतात.

मूळ आगीच्या विम्यात वाऱ्याचा किंवा गारांचा समावेश नव्हता. १९३० च्या दशकात वादळ, गारपीट, स्फोट, दंगल अशा संकटांचे एकत्र जोडपत्र प्रचारात आले, आणि गृहकर्ज देणाऱ्या बँकांनी ते आवश्यक केल्यावर सार्वत्रिक झाले. १९५० साली फिलाडेल्फियाच्या इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिकेने आग, वादळ, चोरी आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीची जबाबदारी एकाच विमापत्रात आणली. घरमालकांचा एकत्रित विमा तो हाच. त्याचबरोबर एक उदार अट रूढ झाली: घराच्या नव्या किमतीच्या निदान ८० टक्क्यांइतका विमा उतरवला असेल, तर घराचे नुकसान घसारा न कापता, नवे बसवायला जो खर्च येईल तितका भरून द्यायचा.

या एका अटीने छपराच्या वयाचा अर्थ उलटा झाला. समजा, छप्पर घालायला २०,००० डॉलर लागतात आणि त्याचे आयुष्य २० वर्षे आहे. पंधराव्या वर्षी गारांनी ते निकामी झाले. जुन्या पद्धतीने तीन चतुर्थांश घसारा वजा होऊन ५,००० डॉलर हाती येत, त्यातूनही मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम कापली जाई. नव्या पद्धतीत ती रक्कम २,००० असेल तर उरलेले १८,००० कंपनी देते. काही आधी, बाकीचे नवे छप्पर घातल्यावर. पहिल्या पद्धतीत छप्पर जितके जुने तितके कंपनीचे देणे कमी. दुसऱ्या पद्धतीत देणे तेवढेच राहते, आणि जुने छप्पर लवकर मोडत असल्यामुळे ते देण्याची पाळी मात्र वाढते. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो, हे तत्त्व सर्व विमापत्रांत लिहिलेले आहे. घसारा सोडून दिला की छपराच्या बाबतीत ते पाळणे अवघड होते. पंधरा वर्षे झिजलेल्या वस्तूच्या जागी नवी वस्तू देताना कंपनी ती पंधरा वर्षेही विकत घेते. काही दशके कंपन्यांनी हे खुशीने केले. गृहकर्जाच्या जोरावर वाढणाऱ्या उपनगरांत घरे नवी होती, छपरे नवी होती, आणि नुकसानीचा बोजा हलका होता.

तिसरा बदल वाऱ्याने आणला. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, होमस्टेडजवळ धडकले. विम्याने भरून द्यावे लागलेले नुकसान साडेपंधरा अब्ज डॉलरच्या घरात गेले आणि अकरा विमा कंपन्या दिवाळखोर झाल्या. पडलेली घरे तपासणाऱ्या अभियंत्यांना पुन्हा पुन्हा एकच क्रम दिसला: आधी छप्पर गेले, मग आत शिरलेल्या पावसाने आणि वाऱ्याने बाकीचे घर संपवले. वाशांवरचे प्लायवूड खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकलेले होते, आणि बरेच स्टेपल वाशात शिरलेच नव्हते. कागदावर त्या भागाचा बांधकाम नियम देशातल्या कडक नियमांत गणला जात होता, अंमलबजावणी सैल होती. यात सर्वांत लागण्यासारखी गोष्ट ही की या घरांमध्ये थोड्याच वर्षांपूर्वी बांधलेली घरेही होती. नवे छप्पर म्हणजे भक्कम छप्पर हे समीकरण अँड्र्यूने तिथेच मोडले. फ्लोरिडाने १९९३ मध्ये वादळांसाठी पुनर्विम्याचा सरकारी निधी उभारला, मार्च २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू केली, आणि ज्यांना कुणी विमा देत नाही त्यांच्यासाठी त्याच वर्षी सिटिझन्स ही सरकारी विमा संस्था आकाराला आली.

२००४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चार चक्रीवादळांनी दीड महिन्यात फ्लोरिडा झोडपला. नव्या संहितेनुसार बांधलेली घरे जुन्या घरांपेक्षा स्पष्टपणे बरी टिकली. या वेळी छपराचे साल खरोखरच काही सांगत होते, कारण त्यावरून छप्पर कोणत्या नियमाखाली ठोकले गेले ते कळत होते. छप्पर बदलायला नगरपालिकेचा परवाना लागतो. त्या परवान्यांच्या नोंदी संगणकावर आल्या, तसे दूर बसलेल्या कंपनीला प्रत्येक घराच्या छपराचे साल मिळू लागले. सॅनबॉर्नच्या नकाशाने जे साहित्याच्या बाबतीत केले होते ते या नोंदींनी वयाच्या बाबतीत केले. आकडा मिळणे सोपे झाल्यावर त्यावर नियम बसवणेही सोपे झाले. जुन्या घराच्या विम्यासाठी छप्पर, वीज, नळ आणि वातानुकूलन या चार बाबींचा तपासणी अहवाल मागणे फ्लोरिडात नित्याचे झाले.

गारपिटीच्या पट्ट्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. टेक्ससपासून उत्तरेकडे पसरलेल्या मैदानांत गारा छपराचे कण उडवतात आणि खालच्या चटईला तडे पाडतात. गारा येऊन गेल्या की कंत्राटदार दारोदार फिरून मालकाला विम्यातून नवे छप्पर मिळवून देण्याचे आश्वासन देत. खरे नुकसान झालेल्यांना त्याचा उपयोग झाला, तसेच आयुष्य संपत आलेली कितीतरी छपरेही विम्याच्या पैशातून बदलली गेली. कंपन्यांनी उत्तर म्हणून घसाऱ्याची जुनी अट परत आणली, पण फक्त छपरापुरती आणि फक्त वारा-गारांपुरती. काहींनी विमापत्रालाच तक्ता जोडला: छप्पर कशाचे आणि किती वर्षांचे यावरून खर्चाचे किती टक्के मिळतील ते त्यात आधीच छापलेले असते. मालकाने सोसायची रक्कमही ठरावीक आकड्याऐवजी विम्याच्या टक्केवारीत आली. चार लाखांचे घर आणि दोन टक्के अट असेल तर पहिले ८,००० डॉलर मालकाचे. नुसता पोचा पडला आणि गळती नसेल तर भरपाई नाही, असेही कलम आले. यातले प्रत्येक कलम विमापत्राच्या जोडपत्रात दडलेले असते, आणि बहुतेक कुटुंबांना त्याचा पत्ता गारा पडून गेल्यावर लागतो. घसाऱ्याची अट न्याय्य म्हणता येते. ती अशा रीतीने कळणे न्याय्य म्हणता येत नाही.

फ्लोरिडात २०२० नंतर स्थिती हाताबाहेर गेली. देशातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी दहावा हिस्साही त्या राज्यात नव्हता, पण घरविम्याच्या खटल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या फ्लोरिडात होते, आणि छपरांचे दावे त्यात मोठे होते. विमाधारक आपला दाव्याचा हक्क कंत्राटदाराच्या नावे लिहून देई, आणि कंत्राटदार जिंकला तर त्याच्या वकिलाचा खर्च कंपनीवर पडे. एकामागून एक कंपन्या बंद पडल्या. उरलेल्यांनी दहा-बारा वर्षांची छपरे नाकारायला सुरुवात केली. गृहकर्ज असलेल्या माणसाला विमा सोडता येत नाही. त्याने सोडला तर बँक स्वतः महाग विमा काढून पैसे त्याच्याच खात्यात लावते. त्यामुळे चांगले, न गळणारे छप्पर केवळ साल जुने म्हणून हजारो डॉलर खर्चून उतरवण्याची पाळी कुटुंबांवर आली. सिटिझन्सकडचे विमे वाढत २०२३ मध्ये तेरा लाखांच्या वर गेले.

२६ मे २०२२ रोजी झालेल्या कायद्याने या नकारावर मर्यादा घातली. छप्पर पंधरा वर्षांच्या आतले असेल तर केवळ वयाच्या कारणावरून विमा नाकारता येणार नाही किंवा त्याचे नूतनीकरण थांबवता येणार नाही. पंधरा वर्षे किंवा अधिक झाली असतील तर मालकाला स्वतःच्या खर्चाने अधिकृत तपासनिसाकडून पाहणी करून घेण्याची संधी दिलीच पाहिजे, आणि छपराचे निदान पाच वर्षांचे आयुष्य उरले आहे असा अहवाल आला तर वयाचे कारण चालणार नाही. छपराचे वय कसे मोजायचे तेही कायद्याला सांगावे लागले: संपूर्ण छप्पर शेवटचे ज्या दिवशी संहितेनुसार घातले गेले तो दिवस, तुकड्या-तुकड्याने बदलले असेल तर ज्या पहिल्या तुकड्यापासून पुढे सगळे छप्पर बदलून पुरे झाले त्या तुकड्याचा दिवस. कंपन्यांनाही काही मिळाले. छपरापुरती वेगळी, घराच्या विम्याच्या दोन टक्क्यांपर्यंत किंवा छपराच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाने सोसावी अशी अट त्यांना देता आली. डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या कायद्याने हक्क लिहून देण्याची पद्धत आणि एकतर्फी वकील-खर्च हे दोन्ही बंद केले.

त्याच सुमारास बांधकाम संहितेतला एक वादग्रस्त नियमही सैल झाला. बारा महिन्यांत छपराच्या २५ टक्क्यांहून अधिक भागाची दुरुस्ती लागली तर सगळे छप्पर चालू संहितेला आणावे लागे. कौलांचा एक कोपरा उडाला म्हणून अख्खे छप्पर विम्यातून बदलण्याचे दावे त्यातूनच निघत. आता २००७ च्या किंवा नंतरच्या संहितेनुसार घातलेल्या छपरांना फक्त मोडलेला भाग दुरुस्त करून चालते.

शेजारच्या अलाबामाने वयाच्या पलीकडे जाण्याचा अधिक समंजस मार्ग काढला. विमा कंपन्यांच्या खर्चाने चालणारी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर बिझनेस अँड होम सेफ्टी ही संशोधन संस्था साउथ कॅरोलायनातल्या रिचबर्ग इथे २०१० पासून पूर्ण आकाराची घरे मोठ्या पंख्यांच्या वाऱ्यात उभी करून मोडून पाहते. तिने 'फोर्टिफाइड' नावाचा छपराचा दर्जा ठरवला: कंगोरे पाडलेले खिळे जवळजवळ ठोकायचे, प्लायवूडच्या सांध्यांवर पट्ट्या लावून ते बंद करायचे म्हणजे शिंगल उडाली तरी पाणी आत येणार नाही, आणि कडा घट्ट बांधायच्या. असे छप्पर असेल तर किनाऱ्यावरच्या घरांना हप्त्यात सूट देणे अलाबामाने कंपन्यांना बंधनकारक केले आणि २०१६ पासून छप्पर बदलायला दहा हजार डॉलरपर्यंत अनुदान सुरू केले. २०२० च्या सॅली चक्रीवादळात या छपरांच्या घरांचे दावे इतरांपेक्षा कमी आणि लहान राहिले; लुइझियानाने पुढे हीच योजना उचलली. दाखल्याची मुदत पाच वर्षे असते. ती संपली की तपासनीस पुन्हा छपराची पाहणी करतो आणि स्थिती ठीक असेल तरच नवा दाखला देतो.

बाकीच्या राज्यांत कंपन्या आता विमानातून आणि ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांवरून छपराला गुण देतात. डाग, शेवाळ, गळलेले कण, वर झुकलेल्या फांद्या संगणक ओळखतो, आणि नूतनीकरण नाकारल्याचे पत्र घरी कुणीही न येता निघते. सावलीला डाग समजणे किंवा परवान्याविना घातलेले नवे छप्पर जुने धरणे अशा चुका त्यात होतात. काही राज्यांच्या विमा नियामकांनी त्यामुळे कंपन्यांना छायाचित्र मालकाला दाखवायला, त्याची तारीख सांगायला आणि दुरुस्तीला मुदत द्यायला सांगितले आहे. वयाच्या आकड्याला झिजेच्या चित्राची जोड मिळू लागली आहे, पण ते चित्र वाचणारा तपासनीस छपरावर चढलेला नसतो. त्याचा निर्णय चुकला तर दाद मागण्याचा हक्क विमाधारकाला किती सहज मिळतो, हे अजून राज्याराज्यावर अवलंबून आहे.